बकऱ्यांचा पाहुणचार

तोंडात चहा असेल तर आधी गिळा बरं, मग सांगते. कारण मी अशी काही माती खाल्ली की इथली, वेल्समधल्या कार्डिफची, आमची अख्खी गल्ली अजून हसतेय!

आमच्या घरामागे पडीक जमीन होती. नुसतं ब्लॅकबेरीचं काटेरी रान! तुम्ही म्हणाल, फुकटची फळं, मजा आहे. अहो, कसली मजा? आज छाटलं की चार दिवसांत कुंपणावरून येऊन दोरीवरचे कपडे ओढतंय. कौन्सिल म्हणाली, महिनाअखेरपर्यंत साफ केलीत तर भाजीपाल्याला तुमची, नाहीतर पार्किंग. आणि माझी मेथी, आंबाडी तर मनात उगवलीसुद्धा होती!

शेजारची मार्गारेट आमच्या गल्लीची पुढारी. तिने औषध फवारायला साफ नकार दिला आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या बकऱ्या आणल्या. काट्यांसकट सगळं फस्त करतात म्हणे! मी घरून काम करते, म्हणून राखण माझ्याकडे.

"यांना फक्त पाणी दे. जेवण समोरच आहे," शेतकरी बजावून गेला.

फक्त पाणी? मी नागपूरची हो! आमच्याकडे मीटर बघायला आलेला माणूससुद्धा पोहे खाऊन जातो.

दुपारी एक बकरी कुंपणाशी येऊन ओरडली. तोंडात काटेरी फांदी. मला बाई बघवेना. रात्रीची पोळी दिली. एकच हं!

दुसऱ्या दिवशी सगळ्या रांगेत हजर. मग काय, मी कणीकच जास्त भिजवायला लागले. सोबत कोबीची पानं, कोथिंबिरीच्या काड्या. हळूहळू पोळीवर गूळही आला.

माझा नवरा नितीन डबा उघडून म्हणाला, "अगं, मला ब्रेड आणि बकऱ्यांना पोळी?"

"तू काटे खातोस का दिवसभर?"

काही दिवसांनी मार्गारेट बघायला आली. रान उलट वाढलेलं, आणि बकऱ्या पोटं सांभाळत लोळतायत!

"स्ट्रेंज! आजारी आहेत का गं?"

"वेदर सोसत नसेल," मी म्हटलं. वेल्सच्या बकऱ्यांना वेल्सचं वेदर!

तेवढ्यात बकऱ्यांनी मला पाहिलं. धावतच आल्या की! एकीने तर माझ्या ॲप्रनच्या खिशातून गूळपोळी ओढून मार्गारेटसमोर खाल्ली. मेले ना मी लाजेनं!

मार्गारेटने लगेच शेतकऱ्याला बोलावलं. त्याने ब्लॅकबेरीची फांदी एकीपुढे धरून पाहिली. बकरीने ती हुंगली आणि माझ्याकडे वळून ओरडली. "झालं! आता या काट्यांना तोंड लावायच्या नाहीत," म्हणत त्याने सगळ्यांना गाडीत घातलं.

महिनाअखेर तर डोक्यावर. बाग माझ्यामुळे जाणार म्हटल्यावर काय करता? जाड हातमोजे चढवले आणि एकटीच रानात शिरले. दुपारपर्यंत हात ओरबाडलेले, केसांत काटे, पोटात कावळे. त्यात मार्गारेटच्या खिडकीतून ताज्या वेल्श केकचा वास!

"मार्गारेट, एखादा केक दे ना, फार भूक लागलीय गं!"

खिडकीतूनच ती म्हणाली, "नो, लव्ह. आधी रान संपव. आयतं खायला मिळालं की कामाला तोंड लावत नाहीत, हे तूच दाखवलंस ना?"