आसकंदाच्या मुळासाठी धुळ्यापर्यंत

जळगावच्या वैद्यबुवांनी माझ्या शेतातलं आसकंदाचं, म्हणजेच अश्वगंधेचं, मूळ मोडून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. औषधाचं मूळ कटकन मोडतं, आतून पिठासारखं पांढरं निघतं. माझं नुसतं सुतळीसारखं पिळत राहिलं. त्यांना चांगली मुळं धुळ्याकडून येत, म्हणून त्याच दिवशी तिकडे जायचं नक्की केलं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, या पिकाला आणखी एकच हंगाम दिला होता. त्यात साधलं नाही तर तो तुकडा केळीत जाणार. आमच्या असोद्यात दुसरं काय होणार म्हणा!

सकाळच्या गाडीने चाळीसगाव गाठलं. तिथे धुळ्याची गाडी बदलावी लागते आणि ती आपल्या सवडीने येते, तेव्हा जाणाऱ्याने शिदोरी घ्यावीच. माझी कळण्याची भाकरी आणि ठेचा फलाटावरच संपला. धुळ्यापुढे चार कोस बैलगाडी. रस्ता कसला, दगडगोटेच. हाडं खिळखिळी झाली, पण परत फिरायचं मनातही आलं नाही.

वैद्यबुवांना मुळं पुरवणाऱ्या सखूअक्कांचं शेत पाहून मात्र हिरमुसलो. जमीन बरड, झाडं जेमतेम गुडघ्याएवढी. माझी कमरेला लागत होती, पानांनी गच्च! अक्कांनी एक झाड खणून काढलं. मूळ बोटाएवढं जाड आणि सरळ. मी वाकवलं, तर कटकन मोडलं. खरं सांगतो, लाज वाटली.

मी गाड्या भरभरून शेणखत घातल्याचं सांगितलं, तशा त्या हसल्या. म्हणाल्या, "खत टाका का बठ्ठा जोर पालामा जास. मांगला पीकनं उरेल खत शे ना, तेच पुरे." म्हणजे खत घातलं की सगळा जोर पाल्यात जातो; मुळाला मागच्या पिकाचं उरलेलं खतच पुरे.

मग त्यांनी अंतर सांगितलं: दोन ओळींत हातभर, दोन झाडांत वीतभर जागा. रोपं चार बोटं झाली की मधली उपटायची. मी बी दाट फोकलं होतं आणि एकही रोप उपटायला हात धजला नव्हता. दुसरा दिवसभर अक्कांबरोबर मुळं खणली. निघताना त्यांनी बी दिलं, वर एक मूळही.

घरी पोचलो तर आमचा तुकडा काळाभोर! आबा बांधावर पाटी झटकत उभे होते. "केळीले ठेवेल खत होतं," ते म्हणाले, "तुह्यासाठी टाकलं."

ज्यांनी वर्षभर या पिकाला नाक मुरडलं, त्यांनी पहिल्यांदा मनापासून काही केलं, ते नेमकं हे. तरी बोललो. यंदा इथे आसकंद लावला तर पालाच माजेल. यंदा मिरची घेऊ, तिच्यामागे उरलेल्या खतावर आसकंद. पण दिलेला हंगाम यंदाचाच, हे मलाही ठाऊक होतं.

आबांनी अक्कांचं मूळ हातात घेतलं, मोडलं, आतलं पांढरं पीठ अंगठ्याने चोळून पाहिलं.

"मंग यंदा मिरची," ते म्हणाले. "तुहा हंगाम पुढच्या साली धरू."

आणि मुळाचे दोन्ही तुकडे त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून घेतले.