तीन भाषांतलं कारण

शेजारच्या वर्गावरचे सर सवलतीला कधी नाही म्हणत नाहीत. असाइनमेंट उशिरा आणणाऱ्याला एवढंच सांगतात, “उशीर कामून झाला ते आधी मराठीत सांग, मग कन्नडात, मग उर्दूत.” भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं. मराठीत वारलेली आजी कन्नडात आजारी असते आणि उर्दूत जेवायला वाढत असते. सर हळहळतात आणि मार्क कापतात.

सोमवारी सरच उशिरा आले. “संतपूरजवळ बस पंक्चर झाली बघा.”

मागच्या बाकावरून एका पोरीचा आवाज आला. “सर, आता कन्नडात सांगा की.”

कन्नडात बस आलीच नव्हती. वर्ग उर्दूची वाट बघत असतानाच फळ्यावर सरांचा खडू घाईघाईनं वाजायला लागला.

“असाइनमेंट पुढच्या आठवड्यात दिली तरी चालतंय,” ते म्हणाले. “समद्यांनी.”