कावळ्याच्या आधी जेवलेली सून

माझ्या सासरी, मालवणजवळच्या गावात, बायका शेवटी जेवतात हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच कोणाला वाटत नव्हतं. आधी सासरे, मग नवरा, मग पाहुणे असतील तर पाहुणे, आणि सगळं आटपलं की स्वयंपाकघरात सासूबाई आणि मी. तोवर माशाचे चांगले तुकडे गेलेले आणि दुपार कलायला आलेली. नव्या सुनेच्या लाजेपोटी मी ते चालवून घेतलं. सहावा महिना लागला आणि माझी लाज संपली.

मालवणच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बाळ वाढीत मागे आहे. "जेवणाच्या वेळा पाळा. थोडं थोडं खा, पण सारखं खा. उपाशी अजिबात राहायचं नाही. पुढच्या वेळी वजन वाढलं नसेल तर दाखल करून घेईन." रिक्षात बसल्यावर मी घाबरले. घरी पोचेपर्यंत त्या भीतीचा राग झाला होता. पोट माझं, पोर माझं, आणि मी कधी जेवायचं हे मात्र सासरे बाजारात कोणाशी गप्पा मारत थांबलेत त्यावर ठरणार!

दुसऱ्या दिवसापासून भात शिजला की मी पान घेऊन बसू लागले. सकाळची पेज घरात सगळेच वेळेवर प्यायचे, तिच्यावरून तंटा नव्हता. तंटा दुपारच्या जेवणाचा. सासूबाईंच्या वतीने भांडी बोलली. नवरा म्हणाला, "जरा सांभाळून घे गो."

"सांभाळूनच घेतंय," मी म्हटलं. "पोटातल्याक."

रोजचं असं निभत होतं. मग भाद्रपदात म्हाळ आला.

म्हाळ म्हणजे पितरांना जेवण. त्या दिवशी पितरांचं पान, म्हणजे वाडी, बाहेर ठेवायची. तिला कावळा शिवला की पुरुषांनी जेवायचं, मग बायकांनी. तोवर घरात कोणी काही खायचं नाही, सकाळची पेजसुद्धा नाही. हा म्हाळ आजेसासूबाईंचा होता. सगळे त्यांना म्हातारी म्हणत. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी त्या गेल्या. भावकी जमली होती. गावाला भटजी एकच आणि म्हाळ घरोघरी, त्यामुळे ते मोटारसायकलवरून आमच्याकडे पोचले तेव्हाच ऊन डोक्यावर आलं होतं. विधी झाले, वाडी बाहेर गेली आणि सगळे पडवीतून माडाकडे बघत बसले. कावळे होते, नव्हते असं नाही. पण पंधरवडाभर दारोदार खीर-वडे खाऊन ते असे माजले होते की आमच्या पानाकडे ढुंकूनही बघेनात. सासरे हात जोडून कसली कसली वचनं देत होते. कावळा काही बधेना.

एक दिवसच म्हणून मीही उपाशी थांबले होते. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी भिंत धरून खाली बसले. सकाळपासून बाळाची हालचाल कमी वाटत होती, आणि आता तर काहीच कळेना. मी उठले आणि ताट घेतलं.

सासऱ्यांची बहीण ओरडलीच. "गो, पितर उपाशी आसत आणि तू जेवतस? आता कावळो येवचोच नाय!"

ह्याच आत्येबाई सकाळी वडे थापताना माझ्या पोटाकडे बघून सगळ्या बायकांना सांगत होत्या, म्हातारीच परत येतली म्हणून. गेलेलं माणूस घरातल्याच कोणाच्या तरी पोटी येतं, असं आमच्याकडे मानतात. ते ऐकून सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं.

मी पडवीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आते, म्हातारी माझ्या पोटात आसा म्हणान सकाळी तुमीच सांगलास. मगे तिका माडार कित्याक शोधतास? तिका हय भूक लागली आसा. म्हाळ तिचो, आणि उपाशीय तिकाच ठेवतास?"

भटजींनी घसा खाकरला आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. माझा त्या पुनर्जन्मावर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण ज्यांचा होता त्यांनी तो निदान जेवणापर्यंत तरी न्यावा की! कौतुक करायला म्हातारी माझ्या पोटात आणि जेवायच्या वेळी झाडावर, हे मी ऐकून घेणार नव्हते.

भात सासूबाईंनी चुलीवरून उतरवून वाढला. डाळ, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, वडे, खीर. मी सगळ्यांच्या देखत सावकाश जेवू लागले. थोड्या वेळाने आतून लाथ बसली आणि मला रडू फुटलं. पुढच्या तपासणीत वजन वाढलेलं निघालं, दाखल व्हावं लागलं नाही. ते त्या एका ताटामुळे झालं असं मी म्हणणार नाही. रोज भांडून जेवले म्हणून झालं, एवढं मात्र छातीठोकपणे सांगते.

पण ते नंतरचं. त्या दुपारी डोळे पुसून वर बघितलं तर सासूबाई हातात पळी घेऊन तशाच उभ्या. पहाटेपासून चुलीपुढे होत्या. मी शेजारी पाट सरकवला.

"आये, तुमीय बसा."

"माका खंय डोहाळे लागले आसत?"

"भूक तर लागली आसा मां?"

त्यांनी पडवीकडे बघितलं. कावळा अजून आला नव्हता. मग पदर खोचून त्या माझ्या शेजारी बसल्या, स्वतःच्या हाताने वाढून घेतलं, आणि पहिला घास तोंडात घालून एकदम थांबल्या. मला वाटलं, पस्तावल्या.

"काय झालां?"

"भाजलां गो," त्या तोंडावर हात धरून म्हणाल्या. "ह्या घरात इल्यापासून माका म्हाळाचो भात कधी गरम गावलोच नाय." आणि दुसरा घास त्यांनी न फुंकताच घेतला.