वेशीवरचं ऊन

शुक्रवार, १२ जानेवारी २०२४. थंडी बेताची. वेशीला उद्या ऑइलपेंट लागणार. सकाळी बसून चित्र पुरं केलं. तोतारामभाऊ पाहून गेले.

कामिनीताईंनी डायरी मिटली, पण जीव थाऱ्यावर येईना. भुसावळच्या शाळेत चित्रकला शिकवता शिकवता नोकरी सरली. मग चित्रं काढत लळिंगचा किल्ला झाला, थाळनेरचा झाला, बळसाण्याची देवळं झाली. आपल्या गावची दगडी वेस मात्र ‘घरचीच तर आहे’ म्हणून राहून गेली. आता गावाने वर्गणी काढून तिला पिस्ता रंग द्यायचं ठरवलं होतं. उघड्या दगडावरचं ऊन आज धरलं तर धरलं.

जलरंगात ऊन रंगवत नाहीत, राखतात. कमानीच्या उजव्या अंगाला त्यांनी कोरा कागद सोडला होता, तेच ऊन.

शेजारचे तोताराम बागेत केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापून थेट आले होते. “अव आक्का, हे त खरंच तापलेलं दिसते! पाहू बरं, चटका बसते का!” म्हणत त्यांनी तिथे बोट टेकवलंच. दोघं हसली होती.

शनिवारी उजाडल्यावर पाहतात तो नेमका तिथेच तपकिरी डाग. केळीचा चीक! ओला असताना पाण्यासारखा, वाळला की जन्माचा. त्यांनी ओल्या ब्रशने टिपून पाहिलं. कागदाला लव सुटली, डाग हलला नाही. धावत वेशीवर गेल्या, तर अर्धी कमान पिस्ता झालेली.

तोताराम आले. आधी डागाकडे, मग आपल्या हाताकडे पाहत राहिले. “माह्यंच काम हे. कमान रॉकेलनं घासून देऊ का?”

“आणि सरपंचांना काय सांगाल?”

“सांगू, आक्काले ऊन कमी पडलं.”

कामिनीताईंना हसू आलं नाही. दुपारपर्यंत त्या नुसत्या आत-बाहेर करत होत्या. शेवटी डागावरूनच गडद ब्रश ओढला. वेशीतून जाणाऱ्या कुणाची तरी लांब सावली. ऊन निम्म्यावर आलं. उरलं ते मात्र गडद सावलीशेजारी आणखीच डोळे दिपवू लागलं. सावली सुचली, की चूक झाकली? ठरेना. चित्र भिंतीला लावलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

संध्याकाळी डायरीत चित्राचं नाव न काढता लिहिलं: दळण आणलं. ज्वारी जरा जाड दळली गेली आहे.