अंगठाभर जागा

परवा राइट टाउनमध्ये नातीला बूट घेताना नव्या चामड्याचा वास आला आणि मला चिनी काकांचं दुकान आठवलं.

काकांचा जन्म इथलाच, आमच्या जबलपूरचा. कागदावर आमचं पाऊल ठेवून ते पेन्सिलीने माप काढायचे. चीनशी लढाई झाली त्या वर्षी, एका सकाळी मी शाळेचे बूट आणायला गेले, तर दारात पोलिसांची गाडी उभी. चिनी म्हणून त्यांना सगळ्या घरासकट नेत होते. काकू गाठोडं बांधत होत्या. काकांनी हवालदाराकडे दोन मिनिटं मागितली, खाली बसून मला बूट घातले.

“काका, ये तो ढीले हैं,” मी कुरकुरले. मला तेवढंच दिसत होतं.

त्यांनी बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. “अंगूठे भर जगह छोड़ी है, बेटी. अगले साल फिर नाप देने आना.”

घरी आई दबक्या आवाजात म्हणाली, “काहून गेली होतीस तिथे? कोणाला सांगू नको.”

पुढच्या वर्षी बूट अगदी बरोबर बसले. दुकानातल्या सामानाचा लिलाव झाला होता, दारावर दुसरीच पाटी होती. तेच बूट घालून मी रोज तिथूनच शाळेत जायचे. काकांना कुठे नेलं, हे मी एकदाही कोणाला विचारलं नाही.