सवाष्णीचा फोटो

राजूरच्या बाजारातल्या पिठाच्या गिरणीला दिराने कुलूप लावलं, तेव्हा जयाला आधी वाटलं, थट्टाच करतोय.

"भावाची वस्तू हाय, वहिनी. दादा आला की त्याच्या हातात किल्ली देईन," कल्याण म्हणाला.

दादा, म्हणजे तिचा नवरा रामहरी, आठ वर्षांपूर्वी गिरणीच्या दगडाला टाकी लावणारा माणूस आणायला संगमनेरला गेला, तो आलाच नाही. पोलिसांत तक्रार झाली, देवऋषी झाले. गिरणी जयाने चालवली. तिचं आणि सासूचं, बनुबाईचं, पोट त्या पट्ट्यावरच फिरत होतं.

वकीलबाई ज्ञानेश्वरी म्हणाल्या, "वारस दाखला काढू. कायदा अठराशे सत्तावीसचा आहे. कंपनी सरकार गेलं, हा राहिला. पण आधी रामहरी मयत धरला गेला पाहिजे. सात वर्षं घरच्यांना खबर नसेल, तर कोर्ट तसं धरतं."

कोर्टाने हरकतींसाठी जाहीरनामा काढला. हरकत एकाचीच आली, कल्याणची. सोबत एक फोटो होता.

फोटोत हिरव्या साडीतली जया पाटावर बसली होती. कपाळभर कुंकू. कल्याणची बायको तिची ओटी भरत होती. गेल्या नवरात्रात त्यांनीच तिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं होतं. गावात कोणी बोलवायचं नाही, या घराने बोलावलं, म्हणून जया किती हरखून गेली होती! पुरणपोळी खाताना तिचे डोळे भरून आले होते.

"नवरा मेला असं म्हणता, मग हे कुंकू कुणाच्या नावाचं?" कल्याणच्या वकिलाने विचारलं.

जया म्हणाली, "सासूबाई लाव म्हनाल्या."

मग बनुबाईला पिंजऱ्यात उभं केलं.

"आजी, मुलाची काही खबर?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

"हाय की. माझा उजवा डोळा लवतो."

मागे कोणीतरी हसलं.

"बायकांचा डावा लवावा लागतो, म्हातारे!" बाकावरून कल्याण पुटपुटला.

"तू गप रं! तुझ्यासाठी दोनी लवले न्हाईत कधी."

साहेब हसले नाहीत. "डोळा लवणं ही खबर नाही, आजी. फोन, पत्र, कुणाबरोबर निरोप?"

बनुबाईने कठडा धरला. जयाला गिरणी हवी होती. तरी त्या क्षणी तिला वाटलं, म्हातारीने खोटं बोलावं.

"न्हाई," बनुबाई म्हणाली. "कायबी न्हाई."

टाइपरायटरवर ते एवढंसं उत्तर उमटलं.

बाहेर व्हरांड्यात बनुबाईने सुनेला भिंतीशी उभं केलं. "मीच लाव म्हनले, आता मीच पुसते." पदराच्या टोकाने तिने पुसलं. कुंकू नीट निघेना, तेव्हा पदर थुंकीने ओला करून पुन्हा घासलं. कपाळ लालच राहिलं. मग ती कल्याणकडे वळली.

"तुझ्या कुलपापायी हे बोलावं लागलं मला. मेला तुझा दादा. आता टाक किल्ली हिच्या हातात."

कल्याणने खिशावर हात ठेवला.

"निकाल लागू दे की, आई," तो म्हणाला आणि मोटारसायकलकडे गेला.

निकालाची तारीख दिवाळीनंतरची होती.