शालन आत्या, गौरा आणि केशर

माझी आत्या काल दुपारी गेली. एका आईची माफी मागायची तिची राहून गेली.

ती आई माणूस नव्हती.

पोस्ट थोडी मोठी आहे. जमलं तर वाचा.

शालन आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गारगोटीची. शिक्षण सातवी, बालपण सगळं म्हशींच्या गोठ्यात.
सत्तरच्या दशकात लग्न होऊन थेट कॅनडाला गेली. मामा, म्हणजे तिचे यजमान, तिकडं कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर होते. घर समुद्राला लागून.

खिडकीतून तिला ऑर्का दिसायचे. काळेपांढरे, ट्रकएवढे देवमासे. कळपानं यायचे, कळपानं जायचे.

हेलन नावाच्या एक बाई बोटीतून या कळपांचा अभ्यास करायच्या. आत्या एकदा धक्क्यावर त्यांना म्हणाली, "टुडे डिफरंट फॅमिली."
त्यांना खरंच वाटेना. तुला कसं कळलं?

हे सांगताना आत्या हसायची. "अगं, म्हशी वळखतोय की आपण पाठीवरनं! त्यात काय हाय एवढं?"

दुसऱ्या दिवसापासून ती बोटीवर. साडीवर रेनकोट, गळ्यात कॅमेरा.
प्रत्येक ऑर्काच्या पाठीवरचा पर, म्हणजे उभा पंख, वेगळा असतो. कुठं खाच, कुठं ओरखडा. त्याचे फोटो काढायचे आणि कोण कुणाबरोबर फिरतंय ते लिहून ठेवायचं.
हेलनबाई नंबर द्यायच्या. आत्या वहीत नावं लिहायची, मराठीत.

पराच्या टोकाला खाच होती ती गौरा.
तिची लेक केशर. तान्ही असताना पांढऱ्या जागी नारिंगी झाक होती, म्हणून केशर.

एका संध्याकाळी धक्क्यावर एका अनोळखी माणसानं आत्याला विचारलं, मॅडम, कळप कुठं दिसला का हो?
टोपी काढून, अगदी अदबीनं.

"त्या गावात मला कुणी कधी काय इचारलंच न्हवतं गं. लई बरं वाटलं मला."

तिनं बेटामागच्या खाडीकडं बोट दाखवलं.
वर म्हणाली, "स्मॉल बेबी आल्सो."

सकाळी खाडीच्या तोंडाला जाळी लागली होती.

पिल्लं धरून मत्स्यालयांना विकणारी माणसं होती ती. त्यांच्याकडं परवाना होता. हेलनबाई आणि आत्या बोट घेऊन धावल्या, पण बघत बसण्यापलीकडं काहीच करता येईना.

हेलनबाईंनी पाण्यात माइक सोडला.
जाळीबाहेरून गौरा ओरडत होती. आतून केशर.
क्रेननं केशरला झोळीत घालून वर उचललं, तसा एक आवाज बंद झाला.
दुसरा होत नव्हता.

"यांना जागा सांगितली कुणी?" हेलनबाई रडत म्हणाल्या.
आत्या गप्प राहिली.

पुढचे सात उन्हाळे ती त्याच बोटीवर, त्याच बाईंच्या शेजारी बसून गौराचे फोटो काढत होती. गप्पच.

मामा वारले आणि ती कायमची गारगोटीला आली. मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजला होते, सुट्टीला घरी आले होते.
बाबांनी त्या दिवशी रेडकू विकलं. म्हैस रेकायला लागली.

बाबा म्हणाले, "दोन दिस रेकंल, मग इसरंल."

आत्या भरल्या ताटावरनं उठली आणि अनवाणी चालत एसटी स्टँडवर जाऊन बसली. मी मागोमाग गेले.
तिथल्या बाकड्यावर तिनं मला पहिल्यांदा हे सगळं सांगितलं.

"इसरत न्हाईत, सुजे. सात वर्सं बघितलंय मी. दरसाल त्या खाडीच्या तोंडाशी यायची. थांबायची. आत जायची न्हाई."

मी म्हटलं, हेलनबाईंना कळव तरी.
"तूच लिही इंग्रजीत. मीच दावलं म्हणावं."

लिहिलं.

दोन महिन्यांनी पाकीट आलं. आत एक फोटो. गौरा आणि तिला चिकटून एक नवं पिल्लू.
आमच्या पत्राबद्दल एक अक्षर नाही.

मी खुळी. ओरडले, "आत्या, तिला दुसरं झालं की!"

तिनं फोटो बघितला. मग माझ्याकडं बघितलं.
"दुसरं झालं म्हणून पयलं परत येतंय व्हय गं?"



त्यानंतर दरवर्षी ती माझ्याकडून एकच ओळ लिहून घ्यायची. यंदा गौरा दिसली का?
दरवर्षी एका ओळीचं उत्तर यायचं. दिसली.

बऱ्याच वर्षांनी एकदा आलं, दिसली नाही. बहुतेक गेली.

आत्या न्हाऊन आली. तेरा दिवस तिनं गोड तोंडात घातलं नाही. तेराव्या दिवशी पुरण घातलं आणि पहिली पोळी गोठ्यात म्हशीला चारली.

बाबांनी विचारलं, "अक्का, कोण गेलं गं?"

"हाय एक. वळखीची."

आज सकाळी वेदगंगेच्या काठावर आत्याला निरोप दिला.

आत्या, सावकाश जा गं.
तुझ्या सुजीचा शेवटचा नमस्कार.